चिकणमातीखाली

बाबा,

कबरीवर टपाल येत नाही, तरी लिहितोय. वेका पक्ष्यानं आज माझा मोजा पळवला. ते असो.

सोन्यासाठी वाळू उपसायची पंपाची नळी घेऊन तुमच्या ओढ्याच्या तळाशी बुडी मारली. चिकणमाती लागली. "तुझा भित्रा बाप चिकणमातीलाच तळ समजून, खाली न खणता परतला," असं पबमध्ये अजून म्हणतात. त्या मातीत तुमची पहार रुतलेली सापडली. हलवली, तर तिच्या टोकाशी खालची वाळू होती आणि वाळूत सोन्याचे कण. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!

वर पाहिलं. घराएवढा धोंडा त्याच मातीवर टेकलेला; माती उपसली की तो खाली येणार.

बाहेर आल्यावर भागीदार रावीरीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "खाली सोनं, वर धोंडा, मधे तू. बोल, किती खोल जायचं?"

तुमच्या वेळी नळी घेऊन या धोंड्याखाली आई उतरायची ना, बाबा?

पहार तिथंच ठेवली. पबमध्ये सांगून टाकलं, तळ लागला.

भित्र्याचा पोरगा,
डगल