कूस बदलणारी खाट

सोलापूर,
१० डिसेंबर २०२५

प्रिय आज्जी,
सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे मजेत आहोत. तू पाठवलेली ज्वारी पोचली. आई म्हणते, असली पांढरी भाकरी मंगळवेढ्याच्याच ज्वारीची होते. मामाला सांग, हुरड्याला मी येणार म्हणजे येणार.

फोन असताना ही पोरगी पत्र कशाला लिहिते, असं म्हणशील. फोनवर बोलताना आई शेजारी असते.

शाळेत मागच्या महिन्यात ‘पन्नास वर्षांनंतरचं सोलापूर’ असं प्रदर्शन झालं. प्रत्येक गटानं त्या शहरातलं एखादं काम आपलं आपण करणारा रोबो बनवायचा होता. प्रियंका, बसवेश आणि मी दवाखान्यातला केला. पुठ्ठ्याचं अंग, खेळण्यातल्या गाडीची मोटार. जमिनीवर काळी चिकटपट्टी लावली की तिच्यावरून चालत जातो, प्रत्येक खाटेपाशी थांबतो आणि ताट-पाणी देतो. लई भारी झाला होता, आज्जी! पहिला नंबर आला. येत्या मंगळवारी जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जायचंय.

परीक्षक बाईंनी विचारलं, “हे काम आत्ता कोण करतं?”

मी म्हटलं, “वॉर्डातल्या मावश्या. पण त्या दमतात, रजा घेतात. पुढं त्यांची गरजच राहणार नाही.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वळून बघितलं तर मागं आई. दवाखान्यातून तशीच आलेली, ड्युटीच्या निळ्या साडीत. तीसुद्धा टाळ्या वाजवत होती.

घरी आल्यावर तिनं नंबर आला म्हणून शेंगाच्या पोळ्या केल्या. मी अर्धीच खाऊन उठले.

चार दिवसांनी भांडी घासता घासता म्हणाली, “तुझा रोबो पेशंटची कूस बदलतो का गं?”

“नाही.”

“मग काय उपयोग? ताट काय, मी एका हातानं नेते. जड माणूस वळवताना कंबर जाते बघ. न्हाय वळवावं तर त्याच्या पाठीला जखमा होत्यात. त्याचं काय तरी करा की.”

रोज संध्याकाळी ती कंबरेला बाम लावायला सांगते आणि मी लावते. पण कंबर कशानं दुखते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती शाळेत आली. वर्गात चादर पसरली, बसवेशला त्यावर झोपवलं आणि एकटीनं माणूस कसा वळवायचा ते दाखवलं. बसवेश हसायला लागला, तर म्हणाली, “पेशंट हसत नसतो. गप पड.” आमच्या राजेश्वरी मॅडमनी विचारलं, “बुद्धप्रियाच्या आई ना तुम्ही? नर्स आहात का?”

“न्हाय, मी आया हाय. अठरा वर्षं झाली.”

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. का, ते आता लिहिलंच पाहिजे. प्रदर्शनात टाळ्या थांबल्यावर परीक्षक बाईंनी विचारलं होतं, “तुझी आई काय करते?” मॅडम तिथंच होत्या. मी म्हटलं, “घरीच असते.” आई तीन पावलांवर उभी होती. तिनं ऐकलं आणि ती माझी कोण, हे कुणालाही कळू न देता निघून गेली.

आता आम्ही खाट केलीय. दोन सिरिंज, मधे पाणी भरलेली नळी. मोटारीनं एक दट्ट्या दाबला की दुसरा वर येतो, अर्धी खाट उचलली जाते आणि बाहुली कुशीवर वळते. पहिल्यांदा बाहुली धाडकन खाली पडली. आईनं ती उचलली, फ्रॉक नीट केला आणि म्हणाली, “हळू. माणूस हाय ते.” बसवेशनं मोटारीचा वेग कमी केला.

मंगळवारी विचारतील, ही कल्पना कुणाची. काय सांगायचं ते ठरलंय. आई रजा काढून येणार आहे. मीच म्हटलं, ड्युटीची साडी नेसून ये.

पण तिच्याशी त्या दिवसाबद्दल मी अजून बोललेली नाही. तोंडच उघडत नाही. रविवारी ती तुझ्याकडं येतेय, हे पत्र तिच्याचकडं देतेय. तुझ्या डोळ्याला अजून पट्टी आहे, म्हणजे तीच तुला वाचून दाखवणार. मला माहीत आहे ते.

इथपर्यंत वाचताना ती थांबली, तर तिचा हात हातात घे.

तुम्हा दोघींची,
बुद्धप्रिया