फ्रिजवरची यादी

१२ मार्च
सकाळी आईला पुरलं. जमीन गोठलेली, फुटेना, वर दगड रचले. घरी येऊन सगळ्यांना चहा केला. ग्वेन सगळ्यांत जास्त रडली. बायका तिचीच पाठ थोपटत होत्या — मी कप विसळत होते.
मला आईच्या वडिलांचं नाव दिलेलं; आमच्यात ज्याचं नाव, तोच परत आला मानतात, म्हणून आई मला जन्मापासून ‘बाबा’च म्हणायची. आता तशी हाक मारणारं कोणी नाही.

१४ मार्च
दवाखान्यात पुन्हा कामावर. सहा वर्षं विनिपेगला शिकून आले, उत्तरेच्या बर्फातल्या आमच्या लोकांतली इथली पहिली आहारतज्ज्ञ! माझ्याआधी या खुर्चीत ग्वेन होती. दक्षिणेकडच्या शहरातली, गोरी. इथल्या शिकाऱ्याशी लग्न करून राहिली. पेशंट अजून विचारतात, “ग्वेन काय म्हणते?”

१५ मार्च
नातारमामा म्हणाला, “तुझी आई दर शनिवारी ग्वेनकडे. दोघी मिळून सीलचं मांस फस्त करायच्या. हसणं तर पार रस्त्यापर्यंत!”
माझ्यासमोर ती बिनमिठाचा भात खायची. मुकाट.

१९ मार्च
आईची उलू, तिची ती अर्धगोल सुरी, ग्वेनच्या ओट्यावर! मूठ आईच्या अंगठ्याने झिजलेली. मी म्हटलं, “तुझी खुर्ची मी घेतली, म्हणून तू माझी आई घेतलीस?” दार आपटून आले. उलू तिथेच राहिली.

२० मार्च
लाज वाटते. पण पुन्हा म्हणेन.

२३ मार्च
ग्वेन आली. उलू फडक्यात गुंडाळलेली. बूटही काढले नाहीत, दारातच उभी.
“तुझी यादी होती ना तुमच्या फ्रिजवर — सील नको, मीठ नको? मी म्हटलं, मुलीला सांग, थोडी सूट देईल. तर म्हणाली, ‘मुलगी कसली, बाप आहे तो माझा! बापाने नको म्हटलेलं बापाच्या घरात कसं खाऊ?’ म्हणून माझ्याकडे यायची. जाताना बजावायची, ‘बाबाला सांगू नकोस हं. एवढा सहा वर्षं शिकून आलाय.’”
“आणि तू देत होतीस? तिची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती, हे माहीत असून?”
“दोन-तीन घास. बाकी नुसतं कापायची आणि हसायची.”

२४ मार्च
फ्रिजवरून यादी काढून टाकली. खाली माझी सही, पदवीसकट. जमिनीवर पुठ्ठा पसरला, आमच्या रीतीने. मामाने दिलेलं सीलचं गोठलेलं मांस आईच्या उलूने कापलं. बसून खाल्लं.