अकरा नंबरचं रक्त

४ फेब्रुवारी १९९१
पळस्प्याच्या अलीकडच्या प्रयोगशाळेत आज रुजू झाले. वरच राहायला खोली मिळाली, खिडकीतून डोंगर दिसतो. काम मनासारखं. थायरॉइडचं हार्मोन इतकं लहान, की सशाच्या शरीराला ते परकं वाटतच नाही. म्हणून मोठ्या प्रथिनाला जोडून टोचायचं. मग रक्तात त्या हार्मोनला धरून ठेवणारी प्रतिपिंडं तयार होतात. कानाच्या शिरेतून थोडं रक्त काढायचं, त्यातलं सीरम वेगळं करायचं. थायरॉइडच्या तपासणीचे किट त्यावरच बनतात. ससे बारा. त्यांना सांभाळणाऱ्या रंभाबाई जवळच्या कातकरवाडीतल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला करवंदाचं लोणचं दिलं.

९ मार्च
अकरा नंबरच्या सशाचं सीरम अफलातून. दहा हजार पट पातळ केलं तरी हार्मोन सोडत नाही. तुलनेला साधं रक्त हवं होतं, माझंच काढलं. त्यात अर्थातच काही नाही. साहेब खूश.

१२ एप्रिल
अकरा नंबर सकाळी मेलेला सापडला. रंभाबाईंनी मागच्या आवारात पुरला. मला जेवण गेलं नाही.

२० एप्रिल
माझ्या साध्या रक्तानं आज हार्मोन धरलं. नळ्या बदलून तीनदा केलं. तेच. साहेब म्हणाले, तुमची चूक असेल.

६ मे
बाहेर अंगाची लाही होतेय आणि मी स्वेटर घालून बसलेय. केस गळतात. आवाज घोगरा झालाय. सगळी लक्षणं थायरॉइड कमी पडल्याची. उजव्या कानाच्या कडेला सुईची खूण, ताजी. रंभाबाई हळूच म्हणाल्या, "मनिषाताई, तुमी घरी जा. अकराच्या पिंजऱ्यात रोज लेंड्या पडतात. मी झाडते, सकाळी परत हायेतच."

१३ मे
रॅकमध्ये एक नळी. ताजं सीरम. चिठ्ठीवर अकरा, आजची तारीख. अक्षर माझं. मी लिहिलं नाही. तपासलं — धरतंय, सोडत नाही —

१५ मे, दुपार
रंभाबाईंनी टेम्पो थांबवलाय, मला दवाखान्यात न्यायला. पाय जड. जिना उतरले की नाही, आठवत नाही. प्रयोगशाळेतलं टेबल आहे. वही आहे. त्या मला शोधताहेत. हाक मारली — आवाज नाही.
आत आल्या. माझ्या अगदी जवळून गेल्या.
अकराच्या पिंजऱ्यापुढे बसल्यात. आत बघून रडताहेत. मनिषाताई, मनिषाताई, म्हणताहेत.
मी इथे आहे. टेबलाशी. रंभाबाई, मी इथे —