नागपूरचं तेल

१ ऑक्टोबर १९५६, सोमवार
आजपासून रोजनिशी. आजपासून राग बंद.
आमच्या गिरणीचे मालक लक्ष्मणराव यांनी सांगितलं, पुढच्या एक तारखेला आपलं आदिलाबाद आंध्रात जाणार आणि राजुरा मुंबई राज्यात. मालक आपलं ऑफिस आणि विमान राजुऱ्याला हलवणार. मिस्त्री आम्ही दोन, मी आणि पोशेट्टी. तिकडं जागा एक. प्रश्नच नाही. मराठी मुलखात मराठी मिस्त्री जाणार. तेलुगू पोशेट्टीला नारळ.
विमान दोन माणसांचं, लढाईतलं, लिलावात घेतलेलं. सहा वर्षं मीच सांभाळतोय. त्याआधी निजामाच्या मोटारखात्यात अकरा वर्षं बस दुरुस्त केल्या. विमान म्हणजे पंख असलेली बस.

३ ऑक्टोबर
इंजिन ऑइल बदलायचं ठरवलं. आजवर हैदराबादहून येणारं घातलं, आता पुरे. नागपूरचं घालायचं. मालकांच्या मनात भरेल. यशवंतरावांच्या दुकानातून डबा आणला. वर इंग्रजीत छापलंय की हे ऑइल इंजिन आतून धुऊन काढतं.
पोशेट्टी म्हणे, हे ट्रकचं तेल हाये, इमानाले नोका टाकू. आन् टाकलंच तं दर पाच तासाले तेल गाळाची जाळी खोलून धुवा लागते, जुनी घाण सुटून जाळीत बसते. मला शिकवतो! पाना फेकून मारला. लागला नाही. नेम सुधारणे.
राग उद्यापासून बंद.

६ ऑक्टोबर
नवं ऑइल भरलं. इंजिन अगदी गोड चाललं. आमचे पायलट हणमंतराव म्हणाले, बरं आहे. ते कधीच जास्त बोलत नाहीत, म्हणजे फारच खूश असणार.

९ ऑक्टोबर, दुपारी
चार तास उडून झाल्यावर ऑइल पाहिलं. काळंकुट्ट! भेसळ. थेट दुकानात गेलो आणि यशवंतरावांची गचांडी धरली. ते म्हणे, शामराव, सीलबंद डबा होता, मी काय त्यात काजळ कालवून राह्यलो? मी डोकं गल्ल्यावर आपटलं. त्यांचं. त्यांनी लोखंडी मापटं हाणलं. भुवईला तीन टाके. दुसरा डबा मात्र घेऊनच आलो.

१४ ऑक्टोबर, दसरा
दुसरा डबाही काळा झाला. तरी मन शांत ठेवून पान्यांना हळदकुंकू वाहिलं.
संध्याकाळी पोशेट्टी जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन घरी आला. दोन्ही हात पसरून माझ्याकडे. आता इकडे दसऱ्याला पानं देऊन गळाभेट घेतात, अलाय-बलाय म्हणतात, हे मला माहीत नाही का? पण त्या क्षणी वाटलं, हा गळाच धरतोय. उचलला आणि ओसरीवर आपटला. खांदा निखळला त्याचा.
बायको, वनमाला, किंचाळली. म्हणे, सणाच्या दिवशी पानं द्याले आला मानूस, त्याले आपटला काऊन? आणि स्वतः त्याच्या खांद्याला हळद लावत बसली. माझ्या भुवईला लावली नव्हती.

२० ऑक्टोबर
तिसरा डबा. काळा. यशवंतराव मला पाहताच दुकानाच्या फळ्या लावतात.
हणमंतराव म्हणाले, ऑइल प्रेशरचा काटा खाली येतोय. मी काचेवर बुक्की मारली. काटा हलला, काच फुटली. ठीक आहे म्हणून सांगितलं.
पोशेट्टी हात झोळीत घालून आला. म्हणे, एकडाव जाळी खोलून पाहा ना, पाया पडतो. उघडणार होतो. खरंच. पण उघडली की जन्मभर सांगत फिरेल, मीच म्हणलो होतो. त्याच्या झोळीलाच धरून त्याला हँगरबाहेर काढला.

२७ ऑक्टोबर
मालकांसमोर ट्रायल. हणमंतराव एकटेच वर गेले. तामसी गावाच्या दिशेला इंजिन बंद पडलं. आवाज थांबला तो इथपर्यंत कळला.
दोन तासांनी हणमंतराव बैलगाडीतून आले. विमान कापसाच्या शेतात उतरवावं लागलं होतं; नाक फुटलेलं, अंगभर कापूस चिकटलेला. उतरले, चालत आले आणि मला मारू लागले. माझं उजवं मनगट मोडल्याचा आवाज मीच ऐकला. पोशेट्टी एका हाताने मध्ये पडला, माझ्या वाट्याची लाथ त्याने खाल्ली.
ते मरणार होते. हे लिहायचं नव्हतं. वनमालानं माझ्याकडून वदवून घेतलं आणि तिच्या हाताने लिहिलं.

३१ ऑक्टोबर, डाव्या हाताने
पोशेट्टीनं मालकांसमोर जाळी उघडली. आत डांबरासारखा गाळ. म्हणे, तेल काम करून राह्यलं होतं, म्हनून काळं झालं. हा गाळ जुना हाये, सा वर्सांचा. एवढंच बोलला. मीच म्हणलो होतो असं बोलला नाही. बोलला असता तर त्याला मारता आलं असतं.

१ नोव्हेंबर, गुरुवार
पंख काढून विमान लॉरीवर चढवलं. राजुऱ्याला, मराठी मुलखात, पोशेट्टी गेला. मी इथेच, आंध्रात. मालकांनी मला जुन्या गिरणीच्या पाणी उपसायच्या इंजिनावर ठेवलंय. हात बरा होईपर्यंत, म्हणाले.
निघताना पोशेट्टीनं एक ब्रश दिला आणि चिठ्ठी. शुद्ध मराठीत: दर पाच तासांनी जाळी धुणे. गळाभेट घेतली, माझा मोडका हात सांभाळून.

सायंकाळी
गिरणीत कोणी नाही असं पाहून पाण्याच्या इंजिनाची जाळी काढली. रॉकेलमध्ये धुतली. रॉकेल काळं झालं. ओतून दिलं, पुन्हा धुतली. पुन्हा काळं.
मारायला जवळ कोणीच नव्हतं. तिसऱ्यांदा रॉकेल घेतलं.