कासारणीची बातमी

माय,

तू गेल्यावर आमची बोलायची रीतच बदलली. इथे बुलढाण्यात आमच्या गल्लीत कोणी कोणाच्या दारात जाऊन काही सांगत नाही. गल्लीचा मोबाइलवर ग्रुप आहे. लाइट गेली, कोणाकडे बारसं आहे, कोणाची सासू वारली, सगळं त्यातच. सासूच्या खाली जोडलेले हात, बारशाच्या खालीही जोडलेले हात. एकदा नळाला पाणी आल्याच्या खाली कोणीतरी हात जोडले. ते मात्र मला पटलं.

तुझी रीत वेगळी होती. चिखलीजवळच्या आपल्या गावात मी एकदा शाळेतून धापा टाकत आले आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडले, पोरं पळवणारी टोळी आली म्हणून. तू भाकर थापत होतीस. "तुह्या डोयानं पायलं का?" नाही. "मंग कोनं सांगतलं?" मी मैत्रिणीचं नाव घेतलं. तू तव्यावरची भाकर उतरवलीस, हात पुसलेस आणि मला तिच्या घरी नेलंस. तिला तिच्या काकूने सांगितलं होतं, काकूला शेजारणीने. घरोघर जाता जाता टोळीतली माणसं कमी होत गेली, आणि शेवटच्या घरी कळलं की त्यांची एक बकरी हरवली होती, तीही सापडली. मी लाजेने मेले. परतताना तू म्हणालीस, "बातमीचा मायबाप कोन, हे इचारल्याबिगर ते घरात आनू नको." आपल्या आळीतल्या बायका तुझ्यासमोर जपूनच बोलायच्या.

यंदा संक्रांतीच्या आधी ग्रुपवर एक फोटो आला. डोक्यावर टोपली घेतलेली बाई, पाठमोरी. खाली लिहिलेलं, बांगड्या विकायच्या निमित्ताने घरं हेरतात, दार उघडू नका, सगळ्यांना पाठवा. मी विचारलं, कोणी पाहिलं? कोणाच्या घरचं काय गेलं? उत्तर एकच, "काकू, सावध राहायला काय जातं?" आणि त्याच्याखाली अंगठेच अंगठे. ज्याने टाकलं त्याला मी फोन केला. त्याला दुसऱ्या ग्रुपवरून आलेलं, तिथे मलकापूरच्या कोणाकडून, आणि त्याच्या मागचं देवाला ठाऊक. चालत जायला घरच नाही, माय. मग शेजारणीकडे गेले. ती गवार मोडत बसली होती. म्हणाली, "मले तं काही खरं वाटत नाही हो. पन ग्रुपवर कसं बोलावं? उद्या काही झालं तं आपल्यावरच येईन." समोरचीही हेच म्हणाली. म्हणजे एकेकटीला विचारलं तर कोणालाच पटलेलं नाही, आणि सगळ्यांनी मिळून दारं लावलेली. असा संताप आला म्हणून सांगू!

कारण आमच्या गल्लीत बांगड्या भरायला येते ती कोणी परकी नाही. तुला बांगड्या भरायची त्या कासारणीची सून आहे ती. सासूची गिऱ्हाइकं तिने धरून ठेवली. मी लग्न होऊन इथे आले, तर माझ्या मागोमाग या गल्लीतही यायला लागली. ती आली त्या दुपारी मी खिडकीतून बघते आहे. ती हाक मारते, थांबते, पुढच्या दाराशी जाते. कुठे पडदा हलतो, कडी हलत नाही. मी दार सताड उघडलं आणि गल्लीने ऐकावं म्हणून मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "ये वं, बस ओट्यावर."

तिने माझा हात हातात घेतला आणि बोटं दाबून दाबून हिरव्या बांगड्या चढवायला लागली. "काऊन हो ताई, कोनी दारच उघडून नाही राह्यलं? माह्याकडून काही चुकलं का?" मी फोटोचं सांगितलं. ती चढवता चढवता थांबली. "मंग मी आता कोनापाशी जाऊन सांगू, का मी तशी नाही? हे गल्ली सुटली तं मले धंदाच सोडा लागन." मी दुसरा हात पुढे केला. बांगड्या भरून झाल्या, मी रीतीप्रमाणे नमस्कार केला. पडद्याआडून बघणाऱ्यांना बघू दे म्हटलं. खरं सांगते, मला त्या घडीला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

इथपर्यंतच लिहून थांबणार होते. पण तिने पाणी मागितलं. मी आत गेले आणि माठाकडे जायच्या आधी कपाटाला कुलूप घातलं. विचार केला नाही, भीतीही वाटली नाही, हात आपसूक गेला. हे शेजारणीला सांगितलं नाही, ग्रुपवर तर सांगायची सोयच नाही, आणि हा कागदही कोणाला दाखवणार नाही. आपलं कपाट जुनं, किल्ली फिरवली की खाडकन वाजतं. मी पाण्याचा गडू घेऊन बाहेर आले, तर ती टोपली उचलून ओट्यावरून खाली पायरीवर जाऊन बसली होती.