गाडी अजून सुटलेली नाही

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. सकाळी ९.

रिटायर होऊन आज पाच आठवडे. संकल्प तीन. एक, रोज चार किलोमीटर चालणे. दोन, चहा बिनसाखरेचा. तीन, समाजोपयोगी काम. पहिले दोन उद्यापासून. तिसऱ्याला आजच हात घातला.

शेजारच्या शेषरावनं फोनवर एक साइट उघडून दिली. धावत्या रेल्वेगाड्या दिसतात. नकाशावर निळा ठिपका, खाली ‘१२ मिनिटे उशिरा’. आमच्या संग्रामपूरला रेल्वे नाही, शेगाव स्टेशन तासाभरावर. म्हणूनच इथला माणूस रेल्वेकडे तटस्थपणे बघू शकतो. साइट बरी आहे, पण करणारे पोरसवदा दिसतात. खाली ‘आपल्या सूचना कळवा’ अशी चौकट आहे. मी तेहेतीस वर्षं सरकारी नोकरीत, शेवटी अव्वल कारकून. सूचना कशी लिहावी हे मला शिकवायला नको.

सूचना क्र. १ पाठवली. ठिपका निळा नको. उशीर असेल तर लाल करावा, म्हणजे माणसाला वेळीच चिडता येईल.

रविवारी अश्विनीचा सुरतहून फोन होता. विचारत होती, बाबा, मी घरी येऊ काय, कायमची. मी म्हटलं, बघू. लेकीचं प्रकरण नाजूक असतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

चाललो नाही. थंडी.

सूचना क्र. २ ते ४. अक्षर मोठं करा. पुढच्या स्टेशनाचं नाव मराठीत द्या. उशीर कशामुळे झाला त्याचं कारण लेखी द्या; आम्ही द्यायचो.

बायको, विमल, विचारते, पोरीले काय सांगू. मी म्हटलं, विचाराधीन आहे. ती म्हणे, ते काय तुमच्या टेबलावर अर्ज घेऊन आली? टोमणा अनावश्यक होता. बायकांना एकच बाजू दिसते. मला पोरगाही दिसतो. तो अकोल्याला नोकरीला लागला, तीन ठिकाणांहून मुली सांगून आल्या आहेत. लग्न झालेली बहीण घरी येऊन बसली की पाहुणे पहिला प्रश्न काय विचारतील, ते मला माहीत आहे. हे विमलला बोललो नाही. वेळ आली की बोलेन.

९ नोव्हेंबर, रविवार.

जावईबापूंचा स्वतःहून फोन. प्रेमानंदराव दिवाळीलासुद्धा फोन करत नाहीत, तेव्हा हे विशेष. अश्विनी बाथरूममध्ये पाय घसरून पडली म्हणे, डाव्या हाताला प्लास्टर. बोलणं नम्र होतं. शहरातल्या फरशा फार गुळगुळीत. विमलला तसं सांगितलं. ती म्हणे, मे महिन्यात ओठ फुटला होता तवा बी फरशीच होती काय?

मे महिन्यात पोरगी आलीच होती. तिसऱ्या दिवशी मीच समजूत घालून तिला शेगावला नेलं, गाडीत बसवून दिलं. भर गर्दीत खिडकीजवळची जागा मिळवून दिली. बापानं आणखी काय करायचं?

चहात साखर घातली. आजचा दिवस अपवाद.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

प्रत्यक्ष चाचणी. शेषरावच्या जीपनं शेगावला गेलो. भुसावळहून सकाळी सुटणारी पॅसेंजर साइटवर शोधली. साइट म्हणे ९:५२. आली ९:५३. मी ठिपक्याकडे बघत होतो तेव्हा शेषराव म्हणे, भाऊ, गाडी समोर उभी हाय नं, फोनात काय पाह्यता? त्याला अभ्यासाची आवड नाही.

सूचना क्र. ७. ‘गाडी कोणत्या तारखेला सुटली?’ असा प्रश्न साइट दर वेळी विचारते. निरर्थक. माणसाला आजचीच गाडी हवी असते. मी कायम ‘आज’वर ठेवतो आणि काही अडत नाही. ही चौकट काढून टाकावी.

दोन मिनिटांत उत्तर: ‘आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद.’ म्हणजे वाचली. विमलला दाखवलं. तिनं बघितलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

माझ्या परस्पर निर्णय झाला. विमलनं शेषरावच्या फोनवरून अश्विनीशी बोलून ठरवलंसुद्धा. (घरात फोन एकच, माझा. विमलचा दिवाळीपासून बंद आहे. दुरुस्तीचं बघतो आहे.) मंगळवारी जावयाची रात्रपाळी. त्या रात्री दहाला पोरगी सुरतहून गाडीत बसणार, बुधवारी सकाळी ८:१० ला शेगाव.

अट एकच. घ्यायला मी जायचं, दुसऱ्या कुणी नाही. ती म्हणाली म्हणे, बाबानं मले बसवून देल्लं होतं, आता बाबानंच उतरवून घ्यावं. दिसले नाई तं मी समजीन, अन् आल्या पावली परत जाईन.

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. लहानपणी बाजारातून येताना ती माझं बोट सोडायची नाही, ते आठवून रडूही आलं थोडं. विमलनं बऱ्याच दिवसांनी माझ्या ताटात पहिली भाकर वाढली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

तयारी पूर्ण. जीप साडेसहाला. शर्टाला इस्त्री. फोन चार्ज. गाडीचा नंबर तीन ठिकाणी लिहून ठेवला.

स्टेशनवर बोलायची वाक्यं पाठ केली. पहिलं, ‘आलीस? बरं केलं.’ दुसरं, ‘थोडे दिवस राहा, मग बघू.’ दुसरं गाळावं का, यावर विचार चालू. तूर्त ठेवलं आहे.

शेजारपाजारी विचारलं तर हात बरा होईपर्यंत आली म्हणून सांगायचं. हे विमललाही बजावलं. तिनं भांडी जोरात आपटली.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ५:४०.

साइट उघडली. नंबर टाकला, तारीख ‘आज’. आलं: ‘गाडी अजून सुटलेली नाही.’

दोनदा पाहिलं. तेच. काल रात्री दहाची गाडी अजून सुरतलाच! म्हणजे आत्ताच पावणेआठ तास उशीर. दुपारी चारच्या आत शेगाव शक्य नाही. साइट नसती तर हकनाक आठ तास फलाटावर बसलो असतो.

६:३५. जीप आली. शेषरावला परत पाठवलं, तीनला ये म्हटलं. त्याला बाजारात माल सोडायचा होता, तो गेला. विमल म्हणे, गाडी येवो नाई तं न येवो, तुम्ही जाऊन बसा. तिला साइट दाखवली. ती म्हणे, ठिपका नका पाहू, रस्ता धरा. अडाण्याशी वाद नको. पोहे खाल्ले.

८:२५. स्थिती तीच. स्क्रीनवर नजर ठेवून असताना मध्येच फोन आला आणि पान झाकलं गेलं. कट केला. अश्विनीच होती. गाडी उशिरा आहे हेच सांगणार, ते मला आधीच माहीत आहे.

सूचना क्र. ११. फोन आला तरी ठिपका दिसत राहावा.

८:५०. पुन्हा तिचा. कट. तिची बॅटरी वाचली पाहिजे, लांबचा प्रवास आहे.

१०:३०. एक मेसेज दिसतो. आधी सूचना पूर्ण करतो.

दुपारी २.

अकराला शेषराव परत आला. मी साइट दाखवली. तो बघत राहिला, मग म्हणे, भाऊ, हे तं आजची तारीख हाय. हे गाडी आज रात्री सुटन. पोरगी तं कालच्या गाडीत बसली नं! त्यानं ‘काल’वर बोट ठेवलं. गाडी शेगावला ८:१४ ला येऊन गेली होती. चार मिनिटे उशिरा.

विमल चप्पल न घालता जीपमध्ये जाऊन बसली.

शेगावला पोचलो तर फलाट झाडणारी बाई म्हणाली, हाताले प्लास्टर असलेली पोरगी नं? दोन घंटे त्या बाकावर बसून होती. प्रत्येक जीप थांबली का उठून पाहे. साडेदहाच्या गाडीनं गेली सुरतकडं.

मेसेज तिथं वाचला. ‘बाबा, तुम्ही फोन कट केला. समजलं. परत चालली. आईले सांगा रडू नको म्हणून.’

विमलला मोठ्यानं वाचून दाखवावा लागला. चष्मा आणला नव्हता तिनं. शेवटचं वाक्य मला वाचता येईना, ते शेषरावनं वाचलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

साइटकडे तक्रार. तारखेची चौकट इतकी बारीक आहे की जबाबदार नागरिकाचीही फसगत होते. एका कुटुंबाचं नुकसान झालं. खुलासा मागवला आहे. ‘आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद.’

अश्विनीला सकाळपासून नऊ फोन. उचलत नाही. दहावा जावईबापूंनी उचलला. म्हणाले, पोचली, झोपली आहे, काळजी नसावी. मग म्हणाले, बाबा, तुम्ही समजूतदार माणूस, परत पाठवलीत, तुमचे उपकार. मी ‘बरं’ म्हटलं.

विमलला सांगितलं, पोचली. उपकाराचं सांगितलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

विमल गेली. सुरतला, पोरीला घेऊन यायला. एकटी. आजवर ती शेगावच्या पुढे एकटी कधी गेलेली नाही. मी म्हटलं, मी येतो. ती म्हणे, नका येऊ, तुम्ही आले तं पोरगी गाडीत बसणार नाई. जाताना शेषरावचा फोन सोबत घेतला. आम्ही दोघी परत येऊ तवा दार उघडं ठेवा, तेवढं जमलं तं पाहा, असं म्हणाली.

कोणती गाडी, ते विचारलं. सांगितलं नाही. जीप सुटताना पुन्हा विचारलं, निदान नंबर सांग, मी इथून लक्ष ठेवतो. ती म्हणे, काऊन सांगू? तुम्ही फोन पाह्यला म्हंजे संग आले, असं वाटते तुमाले.

शेषरावलाही तिनं शपथ घातली आहे.

खरं ते लिहितो, इथं कोण वाचणार आहे. बुधवारी पहाटे गाडी सुटलीच नाही असं वाचलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. छातीवरचं ओझं उतरलं होतं. तारीख तपासावीशी वाटलीच नाही. विमल माझ्या समोर उभी होती, तिनं माझं तोंड बघितलं होतं.