निरहंकारात पहिला नंबर

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून अहंकार बंद. सिगारेट सोडली तसाच, एका झटक्यात. (सिगारेट पुन्हा सुरू झाली, पण तेव्हा ऑफिसात ऑडिट होतं.)

अहंकार सोडायचा क्लास जिमच्या वरच्या मजल्यावर. ध्यान लागतंय न लागतंय तोच खाली कोणीतरी धाडकन वजनं आपटतो. शिकवणाऱ्या ताई पूर्वी फिजिओथेरपिस्ट होत्या, म्हणजे गुडघ्यावरून थेट आत्म्यावर. बाकी मंडळी सुमार. एक बाई प्रत्येक वाक्याला हो ना, हो ना करत होती. गळ्यात मफलर गुंडाळलेला एक रिटायर्ड गृहस्थ पहिल्या पाच मिनिटांतच रडला. रडायला काय अक्कल लागते?

बॅचच्या शेवटी ज्याची प्रगती चांगली, त्याला ताई पुढच्या बॅचला सहायक म्हणून घेणार आहेत. मला त्याचं काही नाही. पण दुसरं आहे कोण तिथे?

४ फेब्रुवारी, मंगळवार. ऑफिस, लंच टाइम

दिवसभर स्वतःचं निरीक्षण केलं. अहंकार सापडला नाही. मी गीझर कंपनीचा तक्रार विभाग सांभाळतो. ग्राहकाचं पहिलं वाक्य संपायच्या आत त्याला काय झालंय ते मी सांगतो, उगाच नाही पंधरा वर्षं खुर्चीवर. आज एक बाई फोनवर म्हणत राहिली, अहो, माझं ऐका तरी. ऐकायचं काय त्यात? कॉइल गेली म्हणून सांगितलं आणि माणूस पाठवला. नंतर कळलं की गीझर ठणठणीत आहे, तिला बिलावरचा पत्ता बदलायचा होता. मग आधी नाही का सांगायचं!

५ फेब्रुवारी, बुधवार

हिला सांगितलं की मी अहंकार सोडला. ही भाजी चिरत होती. म्हणाली, बरं झालं. बस्स, एवढंच. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते, पण घरातल्या माणसात काय फरक पडलाय ते दिसत नाही.

मग म्हणाली, मलाही जरा बोलायचंय. हॉस्पिटल दुसऱ्या गावी नवी लॅब काढतंय. हिला प्रमुख म्हणून तीन वर्षं पाठवायचं म्हणतात. वीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. मी म्हटलं, प्रमुखपद, खुर्ची, हे सगळे अहंकाराचेच चाळे. तेवढ्यावर सोडलं नाही, क्लासमध्ये शिकलेलं सगळं नीट समजावून सांगितलं. ही मधेच कुकर बघायला उठली ती परत आलीच नाही. काही लोकांची तयारीच नसते.

९ फेब्रुवारी, रविवार

क्लास सुटल्यावर मफलर सगळ्यांच्या मॅट गुंडाळून ठेवतो. नम्रतेचं प्रदर्शन, दुसरं काय. आज मी अर्धा तास आधी जाऊन क्लाससाठी पसरलेल्या सगळ्या मॅट गुंडाळून टाकल्या. मग लोकांनी आल्यावर त्या पुन्हा पसरल्या. त्याला माझा इलाज नाही.

ताईंनी गृहपाठ दिला. घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसाला बोलू द्यायचं. त्याचं पूर्ण होईपर्यंत आपण मधे एक शब्द काढायचा नाही. सल्ला नाही, खुलासा नाही. सगळ्यांचे चेहरे पडले. मला हसू आलं. हा तर माझ्या हातचा मळ.

१० फेब्रुवारी, सोमवार

जेवताना हिला म्हटलं, बोल, मी ऐकतोय. हिने दुसऱ्या गावच्या लॅबचं काढलं. मी फक्त एवढंच निदर्शनास आणलं की बघ, मी मधे बोलत नाहीये. हिने पुन्हा सुरुवात केली. चार दिवसांपूर्वी तुम्हाला सांगितलं होतं, म्हणाली. पाच दिवस झाले होते. मी चूक दुरुस्त केली. चूक दुरुस्त करणं म्हणजे मधे बोलणं नव्हे. ही म्हणाली, राहू दे.

हिच्यामुळे गृहपाठ अर्धा राहिला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज कन्यारत्न शहाणपणा शिकवायला आलं. कॉलेजात जायला लागल्यापासून फार अक्कल आलीय. म्हणे, बाबा, आईचं ठरत नाहीये, तिला तुमच्याशी नीट बोलायचंय. मी सांगितलं, माणसाचा अहंकार निवळला की निर्णय आपोआप होतो. म्हणाली, मग आधी तुमचा निवळू दे.

हे उलट बोलणं आईकडून आलंय. आमच्याकडे कोणी असं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

मफलरने बाजी मारली. मुलाला बोलू दिलं म्हणे. मुलगा तासभर वाट्टेल ते बोलला, आणि शेवटी म्हणाला की बाबा, तुमची भीती वाटायची. हे सांगताना अर्थातच रडला. अख्खा हॉल रडला. खाली जिममध्येसुद्धा सामसूम. ताईंचे डोळे पाणावले.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझं जरा सखोल चाललंय.

हेवा अजिबात नाही. पण या आठवड्यात असं ऐकायचं की मफलरने तोंडात बोट घालावं. बाथरूमच्या आरशासमोर ऐकण्याचा चेहरा करून पाहिला. भुवया किंचित वर, हनुवटी खाली. चांगला दिसतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार, संध्याकाळ

जमलं! जमलं! जमलं!

मी हिला टेबलापाशी बसवलं. फोन बंद केला. मुलगी सोफ्यावर होती, म्हणजे साक्षीदारही झाला. पाठ ताठ, तळवे वर, चेहरा ठरवलेला. ही आधी अडखळत बोलत होती, दर वाक्याला माझ्याकडे बघत होती की आता हे तोंड उघडणार. उघडलंच नाही! आतून एक उत्तर उसळून आलं, मी ते जाऊ दिलं. दुसरं आलं, तेही जाऊ दिलं. काय ती शांती! रविवारी हे कसं सांगायचं त्याचं पहिलं वाक्यसुद्धा तिथेच सुचलं.

मधे एकदा ही डोळे पुसत होती. तेव्हा मी हळूच डोळे मिटले आणि मंद हसलो. शेवटी हिने काहीतरी विचारलं. पुन्हा विचारलं. उत्तर दिलं असतं तर सगळ्यावर पाणी. मी छातीवर हात ठेवून सावकाश मान डोलावली.

हिने खुर्ची मागे सारली. मग म्हणाली, बरं, ठरलं तर मग. आणि आत गेली. लॅबचं खूळ डोक्यातून गेलं असणार. माझ्या नुसत्या ऐकण्याने! मुलगी माझ्याकडे आ वासून बघत होती. असा बाप तिने पाहिलाच नव्हता.

२३ फेब्रुवारी, रविवार

बॅचच्या शेवटच्या क्लासमध्ये सांगितलं. टाळ्या. मफलरनेही वाजवल्या. मग आगाऊपणे विचारतो, पण वहिनी बोलल्या काय?

मी म्हटलं, ते घरगुती आहे. म्हणाला, तसं नको, साधारण काय ते सांगा. मी म्हटलं, ते आपलं लॅबचं वगैरे. ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सहायक म्हणून मफलरचं नाव जाहीर केलं. सगळीकडे राजकारण! अध्यात्मातसुद्धा!

डोकं फिरलं होतं, तसाच घरी आलो तर ही कपाट उपसून बसलेली. म्हणाली, औषधं कुठे ठेवलीत, लाइटबिल कसं भरायचं, ते एकदा बघून घ्या. म्हटलं, आज माझी मनःस्थिती नाही.

१ मार्च, शनिवार

सकाळी हिची मोठी बॅग खाली टॅक्सीत ठेवली. असेल चार दिवसांचं ट्रेनिंग, म्हणून फार बोललो नाही. ही काचेतून बघत होती. मी हात केला.

संध्याकाळी मुलीला विचारलं, आई कधी येणार? तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तिने टीव्ही बंद केला.

आईला जायचं नव्हतं, म्हणाली. त्या दिवशी आई तेच सांगत होती. मोठी जागा आहे, मोह होतो, पण या घराशिवाय करमायचं नाही. तुम्ही एकदा नुसतं थांब म्हणा, मी उद्या नकार कळवते. मग तिने विचारलं, जाऊ का मी? दोनदा विचारलं. तुम्ही मान डोलावलीत.

मी मुलीला समजावलं की गृहपाठात उत्तर द्यायची परवानगीच नव्हती. तो ताईंचा नियम. नियम म्हणजे नियम.

ती म्हणाली, आणि आई रडायला लागल्यावर डोळे मिटून हसायचं, हाही ताईंचाच नियम का?

नाही. ती भर माझी होती.